घरासोबत आलेला स्विमिंग पूल आणि त्याचं पहिलं वर्ष

पूल हवाच असं आमच्या डोक्यात कधीच नव्हतं. घर आवडलं आणि त्याच्या मागे पूल होता, एवढंच. आता वर्ष झालं, पाणी निळं आहे, मुलं रोज उतरतात, आणि सध्या जे कोणी "हे आपल्याला झेपणार का" म्हणून रात्री छताकडे बघत पडलेत त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मला तेव्हा असं सलग लिहिलेलं काही सापडलं नाही. जे सापडायचं ते एकतर केमिकल विकणाऱ्यांचं नाहीतर "पूल नियमित स्वच्छ ठेवावा" छापाचं, ज्याचा उपयोग शून्य.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घराचा ताबा मिळाला. आधीच्या मालकांनी पूलचं सगळं दोन मिनिटांत आटपलं. "गोळ्या विरघळल्या की दुसऱ्या टाकायच्या, आठवड्याला फिल्टर उलटा धुवायचा, बाकी काही करावं लागत नाही हो." पंपाच्या खोलीत अर्धी बादली पांढऱ्या गोळ्या, लांब दांड्याची जाळी, झिजलेला ब्रश, गुंडाळलेला निळा होज आणि एका पिशवीत पंपाचं बिल न् वॉरंटी कार्ड होतं. ती पिशवी मी कपाटात टाकून दिली, पुढे ऑगस्टमध्ये तीच कामाला आली, त्यावर येतेच. तुम्ही असं वापरलेलं घर घेत असाल तर सह्या व्हायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: पाणी किती मावतं, फिल्टरमधली वाळू कधी बदलली, पाइप कुठून कसे गेलेत आणि बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं, पाणी कुठे सोडलंय. सह्या झाल्यावर फोन उचलले जात नाहीत असं नाही, पण उत्तरं आखूड होतात.

सगळ्यात आधी पाणी किती ते काढलं. आमचा पूल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, उथळ बाजूला एक मीटर आणि खोल बाजूला एक मीटर ऐंशी, म्हणजे सरासरी १.४ मीटर धरा. गुणाकार केला की ४५ घनमीटरच्या जवळ, म्हणजे ४५,००० लिटर. हा एक आकडा माहीत नसेल तर बाकी सगळा अंदाजपंचे कारभार, कारण पुढचं प्रत्येक केमिकल पीपीएममध्ये मोजलं जातं आणि १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम. म्हणजे आमच्या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचं तर ४५ ग्रॅम क्लोरीन लागणार, १० टक्केवालं लिक्विड असेल तर साधारण ४५० मिली. हे गणित मी मार्करने पंपाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून टाकलं. घरातल्या लोकांना ते ध्यान वाटतं, पण मी गावाला गेले की त्यांनाच तिथे जाऊन वाचावं लागतं.

मग पाइपांचा माग काढला. स्किमर, म्हणजे पाण्याच्या पातळीला भिंतीत जे चौकोनी तोंड असतं ते, आणि तळातला मेन ड्रेन, या दोन ठिकाणांहून पंप पाणी ओढतो. ओढलेलं पाणी पंपाच्या जाळीतून वाळूच्या फिल्टरमध्ये आणि तिथून भिंतीतल्या तोट्यांमधून परत पूलमध्ये. एकेक व्हॉल्व बंद करून कुठलं तोंड ओढायचं थांबतं ते बघितलं आणि व्हॉल्ववर चिकटपट्ट्या लावल्या. फिल्टरच्या डोक्यावर जो मोठा दांडा असतो, मल्टिपोर्ट व्हॉल्व, त्यावर फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रीसर्क्युलेट आणि क्लोज्ड अशा सहा जागा असतात. तो दांडा हलवायच्या आधी पंप बंद. नेहमी. चालू पंपावर फिरवला की आतलं चाकासारखं रबर जागेवरून निघतं नाहीतर फाटतं आणि मग पाणी नको तिकडून वाहायला लागतं.

टेस्ट किटच्या बाबतीत एक सांगते. पट्ट्या बुडवून रंग बघायचा प्रकार झटपट असतो पण माझ्या डोळ्यांना गुलाबी आणि थोडा जास्त गुलाबी यातला फरक काही कळत नाही. थेंबांचं डीपीडी किट (डीपीडी म्हणजे क्लोरीन असलं की गुलाबी होणारं रसायन) घेतलं, त्यात थेंब मोजायचे असतात, वाद उरत नाही. स्वस्तात एक पिवळा रंग येणारं किट मिळतं, त्यात फक्त एकूण क्लोरीन कळतं, त्यातलं मोकळं, म्हणजे घाणीला अजून न जोडलेलं, किती ते कळत नाही, त्यामुळे ते घेऊ नका. नमुना घ्यायचा तो हात कोपरापर्यंत बुडवून आणि तोट्यांपासून लांब, वरवरचं पाणी घेतलं तर आकडे फसवतात.

मार्चमध्ये मोकळं क्लोरीन ३, पीएच ७.२. दोन्ही आकडे पुस्तकात असावेत तसे. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद, ६० आली, ती ८० ते १२० हवी, पण त्यासाठी साधा खायचा सोडा पुरतो. हजार लिटरला १७ ग्रॅम टाकला की १० ने वाढते, म्हणजे आम्हाला ८० वर न्यायला दीड किलो. बादलीत विरघळवून पूलभर फिरत ओतला, पंप चालू ठेवला, दुसऱ्या दिवशी ८० च्या जवळ. किटमध्ये सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) मोजायची बाटली नव्हती, ती वेगळी मागवली आणि ती यायला बरेच दिवस लागले.

एप्रिल उजाडला, ऊन वाढलं आणि सावलीतल्या कोपऱ्यात पायऱ्या बुळबुळीत लागायला लागल्या. आठवड्याभरात भिंतीवर हिरवी छटा. क्लोरीन मोजलं तर अजून ३! हे मला कळेना. क्लोरीन आहे तर शेवाळ कसं? दुकानात विचारलं तर त्यांनी पाणी न बघताच शेवाळनाशक, पाणी चमकवायचं औषध आणि शॉकची (एकदम खूप क्लोरीन चढवायची) पाकिटं असं सगळं काउंटरवर मांडलं. मी काहीही न घेता परत आले. तांब्याचं शेवाळनाशक टाकलं की तांबं पाण्यात राहतं, डाग पडतात, फिकट केसांना हिरवी झाक येते हे मी तोपर्यंत वाचलं होतं. आणि मोजल्याशिवाय काही ओतायचं नाही हे तर ठरलंच होतं.

मग ते पार्सल आलं. सायन्युरिकची टेस्ट म्हणजे गंमत आहे, पूलचं पाणी आणि एक द्रावण मिसळायचं, ते दुधाळ होतं, मग तळाला काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत ते हळूहळू ओतत जायचं आणि वरून बघायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. पाणी जितकं कमी ओतल्यावर ठिपका जातो तितकं सायन्युरिक जास्त. आमचा ठिपका नळी नीट भरायच्या आधीच गायब, १०० च्या रेषेच्याही खाली. नळी १०० च्या पुढे मोजतच नाही. अशा वेळी पूलचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं निम्मं करून परत टेस्ट करायची आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. ७० आला. म्हणजे १४०. हवं असतं ३० ते ५०.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या मते घरच्या पूलची निम्मी दुखणी इथून सुरू होतात आणि याबद्दल कोणी बोलत नाही. उन्हात मोकळं क्लोरीन टिकत नाही, भर उन्हात काही तासांत बहुतेक उडून जातं. सायन्युरिक ॲसिड त्याला धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं, म्हणून ते थोडं लागतंच. पण धरून ठेवलेलं क्लोरीन जंतू आणि शेवाळ मारायला मोकळं नसतं, आणि डीपीडीच्या टेस्टला मात्र ते मोकळंच दिसतं. त्यामुळे सायन्युरिक जितकं जास्त तितकं क्लोरीनही जास्त ठेवावं लागतं. ठोकताळा असा की मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास हवं. १४० ला म्हणजे दहाच्या वर, आणि आमच्याकडे ३. किटवर सगळं छान, पाण्यात शेवाळाची चंगळ.

आणि हे सायन्युरिक आलं कुठून, तर त्या पांढऱ्या गोळ्यांमधून. त्या ट्रायक्लोरच्या असतात, वजनाच्या निम्म्याहून जास्त सायन्युरिकच. २०० ग्रॅमची एक गोळी आमच्या ४५,००० लिटरमध्ये ४ पीपीएम क्लोरीन देते आणि जाताना जवळजवळ अडीच पीपीएम सायन्युरिक मागे ठेवून जाते. क्लोरीन वापरलं जातं, सायन्युरिक तसंच राहतं. पाणी वाफ होऊन गेलं तरी ते मागेच राहतं, बॅकवॉशमध्ये आणि अंगावरून उडालेल्या पाण्यात जाईल तेवढंच जातं. आठवड्याला एक गोळी धरली तरी वर्षात सव्वाशेच्या घरात. गोळ्या वाईट नाहीत, बाहेरगावी जायचं असेल तर सोयीच्याच आहेत, पण "गोळ्या टाकत राहा, बाकी काही नाही" यातलं बाकी काही ते हे.

कमी करायचा व्यवहारात एकच मार्ग, पाणी काढा आणि नवीन भरा. इथे मला खरी भीती वाटली. पूल पूर्ण रिकामा करायचा नसतो हे लक्षात ठेवा. जमिनीखालचं पाणी वर असेल तर आतल्या पाण्याचं वजन गेल्यावर ते खालून दाब देतं आणि अख्खा पूल वर उचलला जाऊ शकतो, तडे तर जातातच. व्हिनाइलचं लायनर असेल तर ते आकसतं. म्हणून टप्प्याटप्प्याने. निम्मं बदललं की १४० चे ७०, परत ४० टक्के बदललं की ७० चे ४२.

पण २२,००० लिटर पाणी सोडायचं कुठे? पावसाच्या पाण्याच्या गटारात क्लोरीनचं पाणी सोडलं तर ते सरळ ओढ्या-नदीत जातं आणि मासे मरतात, बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी असते. मी सांडपाण्याच्या कार्यालयात फोन केला. त्यांनी दुसऱ्या विभागाचा नंबर दिला, त्या विभागाने अर्ज करा म्हणून सांगितलं. अर्जात पाणी किती, कशाचं, कोणती रसायनं, तासाला किती सोडणार आणि कुठल्या चेंबरमध्ये, इतकं विचारलं होतं. चेंबरचा फोटो जोडा असं अर्जात कुठेच लिहिलेलं नव्हतं, नसल्यामुळे अर्ज परत आला. दोनेक आठवड्यांनी मेलवर उत्तर आलं: घरच्या सांडपाण्याच्या लाइनमध्येच सोडा, पावसाच्या नाही, हळूहळू सोडा, क्लोरीन जवळपास शून्य झाल्यावरच. हा मेल प्रिंट करून ठेवलाय. तुमच्याकडे नियम वेगळे असतील, पण विचारा आणि लेखी घ्या, शेजारच्यांनी पाण्याचा लोंढा बघून तक्रार केली तर तो कागदच बोलतो.

त्या दोन आठवड्यांत गोळ्या बंद केल्या होत्या, क्लोरीन उतरत गेलं आणि पाणी रोज जास्त हिरवं होत गेलं. तळ दिसेना. मुलांनी विचारणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर एक-दोनदा पूल बुजवून वर झाडं लावावीत असं वाटलं.

मेच्या सुरुवातीला पाणी काढलं. भाड्याने सबमर्सिबल पंप आणला कारण पूलचा स्वतःचा पंप पातळी स्किमरच्या खाली गेली की हवा ओढायला लागतो आणि कोरडा चालला तर सील जळतं. त्यासाठी नुसता स्विच बंद करून चालत नाही, टायमर असतो, तो ठरल्या वेळी पंप चालू करणार. मेन ब्रेकर पाडायचा आणि वर चिठ्ठी लावायची. निम्मं काढलं, मग बागेच्या होजने भरलं, तासाला साधारण हजार लिटर येत होतं, म्हणजे अख्खा दिवस आणि वर रात्रही. पंप-फिल्टर चालवून सगळं एकजीव केलं, मोजलं, मग क्लोरीन परत शून्यावर आहे ना बघून दुसरा टप्पा. पाण्याचं त्या महिन्याचं बिल वर्षातलं सगळ्यात मोठं होतं, ते धरून चाला. शेवटी ठिपका ४० च्या रेषेजवळ गेला, इतका आनंद मला परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता.

आता शेवाळ मारायचं. आधी पीएच ७.२ वर आणला, कारण क्लोरीन खूप चढवल्यावर पीएचची टेस्ट नीट येत नाही. पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात आणि इथे थट्टा नको. गॉगल, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. बादलीत आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड ओतायचं, उलटं कधीच नाही. पंप चालू ठेवून तोटीच्या समोर बारीक धारेने सोडायचं. क्लोरीन आणि ॲसिड एका वेळी टाकायचं नाही, एकाच मापाने मोजायचं नाही, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. गोळ्या आणि कॅल्शियमवाली क्लोरीन पावडर यांचाही एकमेकांशी संबंध येऊ द्यायचा नाही, आग लागते, स्फोटही होतो. आमच्या पंपाच्या खोलीत ॲसिडचा कॅन जिथे वर्षानुवर्षं ठेवला होता त्याच्या समोरच्या सगळ्या स्क्रूंची डोकी गंजून तपकिरी भुकटी झाली होती, झाकण घट्ट असूनही. तो कॅन आता बाहेर, सावलीत, कुलपात, क्लोरीनपासून लांब.

मग संध्याकाळी लिक्विड क्लोरीन, १५ पीपीएमपर्यंत. आमच्या पूलला पावणेसात लिटर लागलं. संध्याकाळी अशासाठी की रात्रभर ऊन नसतं. हे लिक्विड ताजं घ्या, कॅनवरची तारीख बघा, उन्हात पडलेलं असेल तर ताकद निम्मी झालेली असते आणि तुम्ही पैसे पूर्ण ताकदीचे देता. एक गंमत: क्लोरीन फार असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग येऊन क्षणात उडतो आणि पाणी बिनरंगाचं दिसतं, म्हणजे किट शून्य म्हणतंय असं वाटतं. तेव्हा घाबरून अजून ओतायचं नाही, नमुना पातळ करून मोजायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी हिरव्याचं राखाडी झालं होतं. मेलेलं शेवाळ. पुढचे दिवस एकच उद्योग, सकाळ-संध्याकाळ मोजा, कमी झालेलं भरून १५ वर न्या, भिंती घासा, प्रेशर बघा. घासणं चुकवू नका, शेवाळाचा वरचा थर खालच्याला वाचवतो, पायऱ्यांच्या कडा, शिडीच्या मागची बाजू, दिव्याच्या काचेची कड, सगळीकडे ब्रश गेला पाहिजे. खांदे भरून आले. फिल्टर सारखा भरत होता. तळाशी बसलेला गाळ मात्र फिल्टरमधून न नेता वेस्टवर व्हॅक्यूम केला, नाहीतर बारीक गाळ वाळूतून निसटून परत पूलमध्ये येतो. व्हॅक्यूमचा होज जोडायच्या आधी तोटीसमोर धरून पूर्ण पाण्याने भरून घ्यायचा, बुडबुडे यायचे थांबले की मगच स्किमरला लावायचा, नाहीतर पंप हवा धरतो आणि मग झाकण उघडा, पाणी भरा, परत चालू करा हे चालत राहतं.

कधी थांबायचं याची खूण फार चांगली आहे. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचं, सकाळी ऊन यायच्या आधी परत मोजायचं. रात्रीत १ पीपीएमपेक्षा कमी उतरलं तर पाण्यात क्लोरीन खाणारं काही उरलेलं नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी ते झालं. मग क्लोरीन लेबलवर दिलेल्या मर्यादेच्या खाली आपोआप उतरेपर्यंत थांबलो आणि तळाचा मेन ड्रेन काठावरून स्वच्छ दिसतोय ना तेही बघितलं. तळ दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात सोडायचं नाही, बुडालेला माणूसच दिसणार नाही.

यापुढचं सोपं आहे, फारसं लिहिण्यासारखं नाही. रोज संध्याकाळी क्लोरीन मोजायचं आणि मोजून लिक्विड घालायचं, भर उन्हाळ्यात रोज लिटरभराच्या आसपास, गार हवेत खूप कमी. स्किमरची टोपली रिकामी करायची, पंपाची जाळी आठवड्यातून एकदा. आठवड्याला एकदा ब्रश आणि व्हॅक्यूम. पीएच दोन-तीन दिवसांनी. महिन्याला अल्कलिनिटी, सायन्युरिक आणि कॅल्शियम. वहीत आकडे लिहिते, मोबाइलमध्ये नाही, ओल्या हाताने पेन चालतं.

पीएच आमच्याकडे सारखा वर जायचा. नवीन भरलेल्या पाण्याची अल्कलिनिटी १५० होती, आणि ती जास्त असली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जात राहतो आणि पीएच चढतो. मुलं उड्या मारतात, कारंजं चालतं, त्याने अजून वेगात. थोडं थोडं ॲसिड देत दोन महिन्यांत अल्कलिनिटी ८० वर आली, तेव्हापासून पीएच ७.६ च्या आसपास मुक्काम करून आहे. पाहुणे आल्यावर डोळे चुरचुरतात, वास येतो, आणि सगळे म्हणतात क्लोरीन जास्त झालंय. असतं उलटं. घाम, लघवी, अंगाचं तेल यांना जोडलं गेलेलं क्लोरीन वास मारतं. एकूण क्लोरीनमधून मोकळं वजा केलं की ते कळतं, ०.५ च्या वर गेलं की मी रात्री क्लोरीन चढवते. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर सक्तीचा केल्यावर हा प्रकार जवळपास थांबला. पाहुण्यांना वाईट वाटतं, वाटू दे.

बॅकवॉश आठवड्याला करायची गरज नाही. स्वच्छ फिल्टरचं प्रेशर लक्षात ठेवायचं आणि त्यावर ८ ते १० पीएसआय चढलं की करायचं. थोडी मळलेली वाळू उलट बारीक कण जास्त पकडते. बॅकवॉशनंतर अर्धा-एक मिनिट रिन्स, तो टाळला तर पाइपात अडकलेली घाण पूलमध्ये.

ऑगस्टमध्ये पंपाखाली ओल दिसली. मोटर आणि पंप जिथे जोडलेत तिथून थेंब थेंब, म्हणजे शाफ्टचं सील गेलेलं. वॉरंटी शिल्लक होती, पिशवीतलं बिल काढलं आणि फोन केला. उत्तर: वॉरंटी पहिल्या ग्राहकाच्या नावावर आहे. मग आधीच्या मालकांचं पत्र, घराच्या कागदाची प्रत, पंपावरच्या सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो, पूल बसवणाऱ्याचा शिक्का असलेलं कार्ड. शिक्का होता पण तारीख खोडलेली होती, त्यावरून परत मेलामेली. आलेल्या टेक्निशियनने सील काढून दाखवलं, रबर ठिसूळ झालं होतं. "ताई, गोळ्या स्किमरमध्ये ठेवायचे का?" ठेवायचे, आधीचे मालक ठेवायचे. पंप बंद असताना गोळीच्या भोवतीचं पाणी तेजाब होतं आणि पंप सुरू झाला की पहिला घोट तोच ओढतो. केमिकलने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं, शेवटी सील फुकट मिळालं आणि मजुरी आम्ही दिली. पंप नसताना भाड्याचा सबमर्सिबल पूलमध्येच ठेवून पाणी फिरवलं, क्लोरीन हाताने पसरवलं, रोज घासलं. तो चालू असताना पाण्यात कोणी उतरायचं नाही, विजेचा प्रश्न आहे. पाणी टिकलं.

सील बसवताना झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं हेही त्याने सांगितलं, पेट्रोलियम जेली नाही, तिने रबर फुगतं.

खर्चाचं विचाराल तर पाण्याचं ते एक बिल सोडलं तर वर्षभरात सगळ्यात जास्त पैसे वीज खाते, केमिकल त्यामानाने कमी. आमचा पंप वेग बदलता येणारा आहे हे मला सप्टेंबरमध्ये मॅन्युअल वाचताना कळलं. वेग निम्मा केला की पाणी निम्मं फिरतं पण वीज तत्त्वतः आठव्या हिश्शावर येते, म्हणजे दुप्पट वेळ चालवूनही बचतच. प्रत्यक्षात इतकी नाही झाली, पण बिलात फरक डोळ्यांना दिसला. व्हॅक्यूम आणि बॅकवॉशच्या वेळी मात्र पूर्ण वेग.

ऑक्टोबरात पातळी उतरतेय असं वाटलं. पायरीवर बादली ठेवली, आतलं पाणी पूलच्या पातळीइतकं, दोन्हीकडे पेन्सिलने खूण, एक दिवस थांबायचं. बादलीत आणि पूलमध्ये सारखंच उतरलं तर नुसती वाफ, पूलमध्ये जास्त उतरलं तर गळती. सारखंच होतं. गार दिवसांत फुग्याफुग्याचं प्लास्टिकचं कव्हर घातलं, वाफ बरीच कमी झाली. पण ते कव्हर म्हणजे सुरक्षेचं झाकण नव्हे, लहान मूल त्यावर पाय ठेवून खाली अडकू शकतं. फाटकाचं कुलूप त्यासाठी वेगळं.

फेब्रुवारीत फिल्टर उघडला. वाळू पाच-सात वर्षांनी बदलतात आणि आमची कधी बदलली याचा कुठेच कागद नव्हता. वरून हात घातला तर वाळूत कडक ढेकळं आणि मध्ये बोटाएवढा पोकळ मार्ग, पाणी गाळलं न जाता त्यातूनच जात असणार. जुनी वाळू मगाने उपसायला लागते, तळाला प्लास्टिकच्या बारीक नळ्या असतात त्यांना धक्का लागला तर त्या तुटतात आणि मग वाळू पूलमध्ये यायला लागते. नवीन वाळू ओतायच्या आधी टाकी निम्मी पाण्याने भरायची, म्हणजे वाळूचा मारा नळ्यांवर थेट बसत नाही, आणि मधल्या उभ्या पाइपाचं तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. ०.४५ ते ०.५५ मिमीची फिल्टरची वाळूच हवी, बांधकामाची चालत नाही. पहिला बॅकवॉश पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग रिन्स.

नव्या वाळूवर प्रेशर १२ पीएसआय दाखवतंय. गेजच्या काचेवर १२ ला आणि २१ ला पर्मनंट मार्करने रेषा मारल्यात, म्हणजे कोणीही बघून बॅकवॉश करू शकेल. डीपीडीच्या बाटलीवरची तारीख या महिन्यात संपते, ती मागवलीय, आणि या वेळी सायन्युरिकची बाटली त्याच ऑर्डरमध्ये घातलीय.